मेक्सिकन फ्रिहोलेस घरच्या घरी: चरबी कमी करून चव कशी राखायची

मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराला आम्ही चार वर्षं राहिलो. घरमालकीणबाईंच्या शेगडीवर मातीचं एक पोटफुगं भांडं जवळजवळ रोज असायचं. त्याला तिकडे 'ओया' म्हणतात. त्यात बीन्स (तिकडे 'फ्रिहोलेस'), अर्धा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि पाणी, एवढंच. दोन तास ते मंद आचेवर शिजायचं आणि जिन्याच्या पायथ्यापर्यंत वास यायचा. बाई मला 'मिहा' म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. वाडग्यात रसासकट बीन्स, वर चिरलेली मिरची, लिंबू आणि हातात गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी. त्या जेवणात तेलाचा थेंबही नसायचा आणि तरी दुसरं वाढून घ्यावंसं वाटायचं.

हेच बीन्स कोपऱ्यावरच्या खानावळीत मागवले की चकाकत यायचे. ती चकाकी मान्तेकाची, म्हणजे डुकराच्या चरबीची. वर चीज, बाजूला तळलेल्या तोर्तियाचे तुकडे. मेक्सिकन जेवण जड असतं ही समजूत बहुतेकांची अशाच ताटावरून झालेली असते. पण डुक्कर, गाय, कोंबडी हे सगळे प्राणी मेक्सिकोत स्पॅनिश लोकांबरोबर आले, १५१९ नंतर. त्याआधी हजारो वर्षं तिथले लोक बीन्स पाण्यात शिजवत होते, मिरची-टोमॅटो लावून खात होते. शेतात मका, बीन्स आणि भोपळा एकत्र लावायचे. त्या शेताला 'मिल्पा' म्हणतात. मक्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो बीन्समध्ये भरपूर. बीन्समध्ये मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो मक्यात मिळतो. आपल्या वरणभाताचा हिशेबही हाच. म्हणून हे पदार्थ हलके करताना बीन्सना हात लावायची गरजच पडत नाही. नंतर भर पडली ती चरबी, जास्तीचं मीठ आणि प्रक्रिया केलेलं मांस, तेवढंच बदलायचं आहे. आणि ते काढलं की चवीची जी जागा रिकामी होते, ती कशाने भरायची हे नीट ठरवायचं आहे.

कोणते बीन्स घ्यायचे

मेक्सिकोत प्रांताप्रमाणे बीन्स बदलतात. दक्षिणेला, म्हणजे ओआहाका, वेराक्रूस, युकातानकडे काळे बीन्स. उत्तरेला ठिपक्यांचे पिंटो. मध्य भागात बायो आणि गुलाबी छटेचे 'फ्लोर दे मायो', आणि आमच्या, म्हणजे ग्वादलाहाराच्या, हालिस्को राज्यात पिवळसर, लोण्यासारखे शिजणारे 'पेरुआनो'. हे सगळे एकाच जातीचे, आपला राजमा आणि श्रावणघेवडाही त्याच जातीचे.

महाराष्ट्रात असाल तर पिंटोच्या जागी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला हा घेवडा, अंगावर तांबड्या रेघा, शिजला की अंगाबरोबर दाट रस सुटतो. मी पुण्यात आले की चारोस, म्हणजे पातळ रश्श्यातले बीन्स, याचेच करते. काळ्या बीन्ससाठी काळा राजमा चालतो. तो मिळाला नाही तर बारीक लाल राजमा घ्या, रंग बदलेल, पदार्थ बिघडणार नाही. एक मात्र बघा: बीन्स जुने नकोत. वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेले बीन्स कितीही शिट्ट्या काढल्या तरी मध्ये टचटचीत राहतात.

पाया: ओयातले बीन्स

पुढचे सगळे पदार्थ या एका भांड्यातून निघतात, म्हणून इथे घाई करू नका. यालाच 'फ्रिहोलेस दे ला ओया' म्हणतात. चौघांसाठी पाव किलो कोरडे बीन्स घ्या. शिजून साधारण ६०० ग्रॅम होतात. आधी ताटात पसरून खडे निवडा.

मग भिजवणं. मेक्सिकोतल्या कित्येक घरांत बीन्स भिजवत नाहीत, धुऊन थेट ओयात टाकतात. आमच्या बाईही तसंच करायच्या. मी मात्र आपल्या सवयीप्रमाणे रात्रभर भिजवते आणि ते पाणी टाकून देते. पोटात गॅस करणाऱ्या ज्या शर्करा बीन्समध्ये असतात, रॅफिनोज आणि स्टॅकिओज, त्यांतला काही भाग या पाण्यात उतरतो. ज्यांना राजमा बाधतो त्यांनी ही पायरी सोडू नये.

भिजलेले बीन्स ताज्या पाण्यात, दोन इंच वर पाणी राहील असे चढवा. अर्धा कांदा न चिरता, लसणाच्या चार पाकळ्या. इथे मेक्सिकोत एक पाला पडतो, 'एपासोते'. त्याचा वास ओव्यासारखा उग्र, थोडा रॉकेलकडे झुकणारा. पहिल्यांदा नाक मुरडलं जातं, मग त्याच्याशिवाय काळे बीन्स अळणी वाटतात. अमेरिकेतल्या मेक्सिकन दुकानांत तो ताजा किंवा वाळलेला मिळतो. भारतात मी कोथिंबिरीच्या देठांची जुडी आणि चिमूटभर ओवा टाकते. चव हुबेहूब येत नाही, पण बीन्सना जी उग्र धार हवी असते ती मिळते.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, आणि तो गंभीर आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते जायला बीन्स खळखळ उकळावे लागतात, किमान १० मिनिटं; अर्धा तास उकळले तर अधिक बरं. विजेच्या स्लो कुकरमध्ये कच्चे बीन्स टाकून कमी तापमानावर सोडून देऊ नका. तिथे पाणी उकळीला येत नाही, बीन्स मऊ दिसतात आणि उलट्या-जुलाब होतात. आधी गॅसवर जोरात उकळा, मग हवं तर स्लो कुकरात घाला.

उघड्या भांड्यात दीड ते दोन तास लागतात. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला, गार पाण्याने शिजणं रेंगाळतं. कुकरमध्ये एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि मग मंद आचेवर १५ ते २० मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही आत्ता घालायचं नाही. आंबटामुळे साल मऊ होत नाही. खाण्याचा सोडाही नको, बीन्स पटकन शिजतात पण चव साबणासारखी होते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं.

शिजले की नाही हे बघायची बाईंची रीत अशी: डावावर दोन-तीन दाणे घ्यायचे आणि हलकी फुंकर मारायची. साल कागदासारखी फाटून उचलली गेली की दाणा तयार. मग दोन बोटांत धरून दाबायचा. बोटचेपा हवा, आत पिठूळ कण लागता कामा नये. आता पाऊण चमचा मीठ घाला आणि आणखी १० मिनिटं रटरटू द्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पाऊण चमचा चौघांत वाटला जातो, तेव्हा हिशेबात बसतो.

हा जो गडद, थोडा चिकट रस भांड्यात राहतो, तो सांडू नका. चरबी काढल्यावर जी गुळगुळीत चव हरवते ती या रसातून परत मिळते. शिजलेल्या १०० ग्रॅम काळ्या बीन्समध्ये साधारण ९ ग्रॅम प्रथिनं, जवळजवळ तितकाच चोथा, आणि चरबी अर्धा ग्रॅम. एवढा चांगला माल हातात असताना त्यावर चरबी ओतावी असं वाटतच नाही.

फ्रिहोलेस रेफ्रितोस, एका चमच्यात

'रेफ्रितोस' म्हणजे दोनदा तळलेले असा अर्थ बरेच जण लावतात. मेक्सिकन बोलीत 're' हा 'खूप, चांगलंच' या अर्थाने जोडतात, म्हणजे हे चांगले परतलेले बीन्स. परतायला पाव किलो बीन्सना चार मोठे चमचे मान्तेका सहज जाते. त्याचा हिशेब करू या: एका मोठ्या चमच्यात साधारण ११५ कॅलरी आणि ५ ग्रॅम संपृक्त चरबी. चार चमच्यांचे ४६० कॅलरी आणि २० ग्रॅम, चौघांत वाटले तर माणशी ११५ कॅलरी आणि ५ ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसभराची संपृक्त चरबीची मर्यादा माणशी २२ ग्रॅमच्या आसपास येते. तिचा जवळजवळ पाव भाग इथेच संपतो, आणि ही तर ताटातली नुसती बाजूची वस्तू आहे.

मान्तेकाऐवजी तेवढंच तेल ओतलं तर संपृक्त चरबी घटते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. तेलाच्या मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. म्हणून प्रमाण कमी करणं महत्त्वाचं. मी एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल घेते. जाड बुडाच्या कढईत किंवा बिडाच्या तव्यात तेल तापवून एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून घाला. आच मंद. १२ ते १५ मिनिटं लागतात, आणि कांदा कडेने तांबूस, मध्ये मधाच्या रंगाचा व्हायला हवा. लागायला लागला तर तेल न घालता बीन्सच्या रसाचा एक चमचा शिंपडा. चार चमचे चरबीचं काम हा कांदा करतो, म्हणून इथे कंटाळा करू नका.

मग लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा चमचा जिरेपूड, एक सुकी मिरची. त्यावर दोन डाव बीन्स रसासकट. ते खदखदले की पावभाजीच्या मॅशरने चेचा. पुढचे दोन डाव, पुन्हा चेचा. मिक्सर वापरू नका. त्यात ते लाटणाच्या पिठासारखे गोळीबंद होतात. थोडे अख्खे, थोडे चेचलेले असेच छान लागतात. रस आटवत राहा. उलथण्याने कढईच्या मध्यातून रेघ ओढली आणि ती दोन-तीन सेकंद तशीच राहिली की गॅस बंद. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतात, म्हणून थोडे सैलच उतरवा.

मान्तेकाची ती खास चव ज्यांना हवीच असते त्यांनी सणाला शेवटी एक लहान चमचा घरची ताजी मान्तेका वरून घालावी. वास तेवढ्यात येतो. दुकानातली हायड्रोजनेटेड मान्तेका मात्र घेऊ नये, तिच्यात ट्रान्स फॅट असू शकतं.

शाकाहारी वाचकांसाठी इथेच सांगते. अमेरिकेत किंवा मेक्सिकोत 'बीन बरिटो' शाकाहारी समजून बेधडक मागवू नका. 'लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?' एवढं विचारा, म्हणजे 'बीन्समध्ये मान्तेका आहे का?' लाल भातही अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो, तेही विचारून घ्या.

चारोस: बेकन-चोरिसोशिवाय

उत्तर मेक्सिकोतला हा पदार्थ चारोंचा, म्हणजे तिथल्या घोडेस्वारांचा. पिंटो बीन्सच्या पातळ रश्श्यात बेकन, चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज), हॅम, कधी साधं सॉसेजही. बीन्समध्ये बीअर घातली की तेच 'बोराचोस', म्हणजे झिंगलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. शिवाय या चार मांसांचं मीठ एकाच भांड्यात येतं. हलकं करायला सर्वात आधी हाच पदार्थ हातात घ्यावा.

त्या मांसातून जिभेला तीन गोष्टी मिळतात: धूर, मसाला आणि चावायला काहीतरी. तिन्ही वेगळ्या आणता येतात.

धुरासाठी दोन टोमॅटो, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या सालासकट पाकळ्या कोरड्या तव्यावर भाजा. तिकडे त्या तव्याला 'कोमाल' आणि अशा भाजण्याला 'तातेमादो' म्हणतात. भरताच्या वांग्याइतके, साल काळी पडेपर्यंत. सगळी साल काढू नका, थोडी राहू द्या. जाडसर चेचा.

मसाल्यासाठी दोन ग्वाहियो आणि एक आन्चो मिरची. नसतील तर चार ब्याडगी. बिया काढून तव्यावर काही सेकंद, रंग किंचित उजळेपर्यंत शेका. करपली तर टाकून द्या. कडू मिरचीने सगळं भांडं कडू होतं. गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून लसणाच्या तीन पाकळ्या, एक लवंग, तीन मिरे, पाव चमचा जिरे, अर्धा चमचा ओरेगानो आणि दोन चमचे व्हिनेगर घालून गंधासारखं वाटा. गोव्याच्या चोरीसमध्येही मिरची, लसूण आणि व्हिनेगर हेच त्रिकूट असतं. एक पोर्तुगिजांच्या हातचं, दुसरं स्पॅनिशांच्या, पण वाटण शेजारच्या घरातलं वाटतं.

चावण्यासाठी २०० ग्रॅम मश्रूम. हरभऱ्याएवढे तुकडे करून कोरड्या कढईत पसरा आणि हलवू नका. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग तळाला तांबूस डाग पडतील. तेव्हा एक मोठा चमचा तेल आणि वाटण घालून कडेने तेल दिसेपर्यंत परता. आता भाजलेला टोमॅटो, मग शिजलेले पिंटो किंवा वाघ्या घेवडा रसासकट. १५ मिनिटं मंद उकळी. आमटीपेक्षा पातळ असावं, कारण हे वाटीतून प्यायचं असतं. वर भरपूर कोथिंबीर. मीठ आता चाखून मगच, बीन्समध्ये आधीच आहे. मांसाहारी असाल तर चोरिसोऐवजी १५० ग्रॅम चिकन खिमा याच वाटणात परतून घालता येतो.

एन्फ्रिहोलादास, तोर्तिया न तळता

ओआहाकाचा हा नाश्ता मला सगळ्यांत प्रिय आहे. काळ्या बीन्सच्या रस्स्यात बुडवलेल्या तोर्तिया, दुमडून, वर कांदा आणि ताजं चीज. परंपरेने प्रत्येक तोर्तिया आधी गरम तेलातून काढतात, म्हणजे रस्स्यात ती विरघळत नाही. चौघांच्या १२ तोर्तिया तेलातून काढल्या की किती तेल जातं याचा अंदाज येईलच.

न तळता जमतं, तीन गोष्टी सांभाळल्या तर: तोर्तिया आदल्या दिवशीची, थोडी कोरडी असावी. ती तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत गरम करावी. आणि रस्सा उकळता असावा, तोर्तिया त्यात दोन सेकंद बुडवून लगेच उचलावी. मी पहिल्यांदा ताज्या तोर्तिया घेतल्या होत्या, चिमट्यात नुसता लगदा आला.

रस्सा: दोन कप शिजलेले काळे बीन्स, एक कप रस, एक चिपोत्ले किंवा दोन शेकलेल्या सुक्या मिरच्या, भाजलेला लसूण. ओआहाकात यात अव्होकाडोचं वाळलेलं पान भाजून घालतात, त्याला बडीशेपेचा वास असतो. ते पान मेक्सिकन जातीच्या झाडाचंच लागतं, म्हणून अंगणातल्या कुठल्याही अव्होकाडोचं पान तोडून घालू नका. पाव चमचा बडीशेप भाजून घाला. सगळं मिक्सरमध्ये फिरवून, एक लहान चमचा तेलावर पाच मिनिटं उकळा. कढीइतपत पातळ ठेवा, तो झपाट्याने आळतो. वर केसो फ्रेस्कोऐवजी कुस्करलेलं पनीर लिंबाच्या चार थेंबांत मिसळून, पातळ कापलेला कांदा, अव्होकाडोच्या दोन फोडी.

तोर्तिया मक्याची आणि निश्तामालच्या पिठाची असावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळला की त्यातलं नियासिन शरीराला मिळतं आणि कॅल्शियमही वाढतं. आपल्या मक्याच्या भाकरीचं पीठ तसं नसतं, ती रस्स्यात तुटते. भाकरी वापरायचीच असेल तर ताटात ठेवून वरून रस्सा घाला.

थोडक्यात आणखी तीन

मिचोआकानचं 'सोपा तारास्का' हे बीन्स आणि टोमॅटोचं दाट सूप. त्यात तोर्तियाच्या तळलेल्या पट्ट्या आणि क्रीम असतं. पट्ट्या १८० अंशांवर १० मिनिटं ओव्हनमध्ये कुरकुरीत करा, क्रीमच्या जागी फेटलेला चक्का. चिरलेली आन्चो मिरची मात्र वगळू नका.

'त्लाकोयो' मध्ये बदलण्यासारखं काही नाही. मक्याच्या पिठाच्या लांबट गोळ्यात बीन्स भरून कोरड्या कोमालवर भाजतात, वर निवडुंगाची भाजी आणि साल्सा. तेल लागतच नाही.

युकातानमध्ये सोमवारी 'फ्रिहोल कोन पुएर्को' करतात, काळे बीन्स आणि डुकराचं मांस. मांस कमी चरबीच्या भागाचं घ्या, आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी वर गोठलेला थर काढून टाका. मुळा, कोथिंबीर, लिंबू वरून हवंच.

डबा, साठवण आणि पथ्य

वेळ नसेल तर डब्यातले बीन्स चालतात. मेक्सिकोत २०२० पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के असतात. 'एक्सेसो सोडिओ' दिसलं की मीठ जास्त आहे असं समजा. चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुतले की बरंचसं मीठ निघून जातं. डब्यातले रेफ्रितोस घेताना घटकांत मान्तेका आहे का ते वाचा.

शिजलेले बीन्स दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत, तिथे तीन-चार दिवस राहतात. रसासकट डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर काळजी नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, बीन्समध्ये पोटॅशियम भरपूर असतं. एरवी बीन्सची सवय नसेल तर अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, पोट हळूहळू जुळवून घेतं.

आणि रेफ्रितोस उरले तर दुसऱ्या दिवशी 'मोयेतेस' करा. बोलिओ नावाचा कडक पाव आडवा कापून आतला मऊ भाग काढतात. आपल्याकडे गव्हाचा कडक पाव किंवा गोव्याची पोई घ्या. बीन्सचा जाड थर, वर चीज नुसतं भुरभुरण्याइतकं किसून, ओव्हनमध्ये पाच मिनिटं. बाहेर काढल्यावर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू एकत्र केलेला पिको दे गायो वर घाला. तो गारच असू द्या, पावाची कड कुरकुरीत असतानाच खायला घ्या.